ज्याच्या नावाचा चाकू, त्याच्याच टेक्सासमध्ये तो १४६ वर्षं बेकायदा होता

१ सप्टेंबर २०१७ ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एक नवा कायदा लागू झाला. त्या दिवसापासून तिथे सज्ञान माणसाने कमरेला तलवार लटकवून बाजारात जाणं कायदेशीर झालं. तलवार, भाला, खंजीर, सगळंच. आधीच्या बंदीच्या यादीत या सगळ्यांच्या पंगतीला आणखी एक नाव बसलं होतं, बोवी नाइफ.

बाकीची नावं हत्यारांची होती, हे एका माणसाचं होतं. आणि माणूस कोण, तर टेक्सासने ज्याला देव्हाऱ्यात बसवलंय तो जिम बोवी. त्याच्या नावाने तिथे एक काउंटी आहे, एक गाव आहे, शाळा आहेत. फक्त त्याचा चाकू खिशात घालून फिरायची सोय नव्हती.

(टेक्सासवाले बूई म्हणतात. आपल्याला गायक डेव्हिड बोवीमुळे बोवीची सवय आहे. त्या गायकाने ते आडनाव घेतलं तेसुद्धा या चाकूवाल्यावरूनच.)

तर हा बोवी नेमका कोण होता? सिनेमातला बोवी दिलदार, शूर, देशासाठी मरणारा. कागदपत्रांतला बोवी जरा वेगळा आहे.

जन्म १७९६ चा, केंटकीतला. दहा भावंडांत नववा. बापाला एका जागी थांबणं माहीत नव्हतं, म्हणून घरदार मिसूरी करत करत लुइझियानात पोहोचलं. दलदल, जंगल आणि कापूस-उसाचे मळे असलेला तो मुलूख होता. नुकताच फ्रान्सकडून अमेरिकेकडे आलेला, त्यामुळे जुने स्पॅनिश कागद, फ्रेंच रिवाज आणि नवा अमेरिकन कायदा यांची तिथे खिचडी झाली होती. अशा ठिकाणी हुशार आणि बेडर माणसाला रान मोकळंच मिळतं. जिम मगरीच्या पाठीवर बसायचा अशा दंतकथा तिथल्याच. त्या सोडून देऊ.

पैसा त्याने कसा कमावला ते मात्र सोडून देता येत नाही.

अमेरिकेत १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती. गुलामगिरी चालू, आयात बंद. टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन बेटावर जाँ लाफीत नावाचा चाचा तळ ठोकून होता. समुद्रात लुटलेल्या जहाजांवरची माणसं तो विकायचा. जिम आणि त्याचे भाऊ, जॉन आणि रेझिन, त्याच्याकडून ही माणसं घेऊन लुइझियानात आणायचे आणि सरळ कस्टमच्या अधिकाऱ्यांकडे जाऊन स्वतःच्याच मालाची खबर द्यायचे. कायद्याने पकडलेल्या गुलामांचा सरकारी लिलाव व्हायचा आणि खबर देणाऱ्याला लिलावाच्या रकमेतला अर्धा वाटा मिळायचा. लिलावात बोली लावायला पुन्हा बोवी बंधूच. म्हणजे निम्मे पैसे परत खिशात, वर गुलामांची सरकारी कागदपत्रं हातात. मग ती माणसं राजरोस विकायची. चोर तो चोर, वर शिरजोर.

या धंद्यात ६५ हजार डॉलर सुटले, असा हिशेब पुढे खुद्द भाऊ जॉननेच जाहीर केला. १८५२ साली, छापील मासिकात. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं.

पुढचा धंदा जमिनीचा. लुइझियाना आणि आर्कान्सामध्ये जुन्या स्पॅनिश सरकारने दिलेल्या जमिनींचे दावे अमेरिकेने मान्य करायचं ठरवलं होतं. बोवींनी खोटे स्पॅनिश कागद बनवून जमिनी स्वतःच्या म्हणून विकल्या. आर्कान्सात शेकड्याने दावे दाखल झाले, आधी मंजूर झाले आणि १८३१ मध्ये बनावट ठरून रद्द झाले. ज्यांनी विकत घेतल्या ते बसले हात चोळत.

याच दिवसांत त्याचं नॉरिस राइट नावाच्या माणसाशी वाकडं आलं. राइट रॅपिड्स भागाचा शेरीफ होता, शिवाय बँकेचा संचालक. बोवीने निवडणुकीत राइटच्या विरोधकाला साथ दिली. बोवीला कर्ज हवं होतं तेव्हा राइटने ते अडवलं. १८२६ मध्ये अलेक्झांड्रिया गावात दोघे समोरासमोर आले आणि राइटने गोळी झाडली. बोवी वाचला. त्यानंतर मोठा भाऊ रेझिनने त्याला आपला शिकारीचा सुरा दिला आणि जिमने तो कायम जवळ ठेवायला सुरुवात केली. त्या काळचं पिस्तूल एकदा झाडलं की पुन्हा भरायला वेळ लागायचा, आणि ओल लागली की मुळात उडायचंच नाही. चाकूला असली भानगड नव्हती.

रेझिनने पुढे या सुऱ्याची मापं लिहून ठेवली. पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एका बाजूला धार. ही मापं लक्षात ठेवा, शेवटी आपल्या आर्म्स ॲक्टशी गाठ पडणार आहे.

१९ सप्टेंबर १८२७. मिसिसिपी नदी, नॅचेझ शहरासमोर.

नदीच्या एका काठाला मिसिसिपी राज्य, दुसऱ्या काठाला लुइझियाना. दोन्हीकडे द्वंद्वयुद्धाला बंदी. मग इभ्रतीचे मामले निकालात काढायला लोक नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर जायचे, कारण तिथे नक्की कुठल्या राज्याचा कायदा चालतो याचाच घोळ होता. चाकूचे कायदे जागेनुसार कसे बदलतात, हा विषय पुढे या माणसाला मेल्यावरही सोडणार नव्हता. त्याची प्रसिद्धी मात्र अशाच कुठल्याच कायद्याच्या नसलेल्या जागेवर सुरू झाली.

द्वंद्व बोवीचं नव्हतंच. सॅम्युअल वेल्स आणि डॉक्टर मॅडॉक्स यांचं होतं. दोघांनी दोन दोन गोळ्या झाडल्या, चारही हुकल्या, दोघांनी हात मिळवले. प्रकरण संपलं. पण दोन्हीकडची मित्रमंडळी तिथे होती आणि त्यांची एकमेकांत जुनी उणीदुणी होती. बोवी वेल्सच्या बाजूला, राइट समोर.

मारामारी सुरू झाली आणि बोवीच्या कमरेच्या हाडाजवळ गोळी लागली. तो चाकू काढून गोळी मारणाऱ्यावर धावला, तर त्या माणसाने रिकामं पिस्तूल इतक्या जोरात डोक्यात घातलं की बोवी गुडघ्यावर आला. राइटने काठीतली तलवार काढून त्याच्या छातीत खुपसली. पातं बारीक होतं, छातीच्या हाडावर आपटून अडकलं. ते उपसून काढायला राइट वाकला, बोवीने त्याला धरून खाली ओढलं आणि सुरा त्याच्या पोटात घातला. राइट जागीच गेला. तलवार छातीत तशीच असताना बोवीला आणखी एक गोळी लागली, आणखी एक वार बसला. तरी तो जगला, कारण द्वंद्वासाठी डॉक्टर आधीच बोलावून ठेवले होते.

दोन माणसं मेली. सगळं मिळून काही मिनिटांचा मामला. पण वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि देशभर छापला. लोहारांकडे लोक बोवीसारखा चाकू मागायला लागले. कसला होता तो, हे कोणालाच धड माहीत नव्हतं, त्यामुळे ज्याला जसा वाटला तसा बनला. कोणी टोकाकडे वळणदार केला, कोणी हाताला आडवी पट्टी लावली, कोणी दीड फुटी करून टाकला. इंग्लंडच्या शेफिल्डमधल्या कारखान्यांनी तर संधी साधली आणि जहाजं भरभरून बोवी नाइफ अमेरिकेला पाठवले. खरा सुरा पहिल्यांदा कोणी घडवला यावर आजही भांडणं आहेत. रेझिनकडचे लोक जेसी क्लिफ्ट या लोहाराचं नाव घेतात, आर्कान्सावाले जेम्स ब्लॅकचं.

म्हणजे पुढे कायद्याने ज्या वस्तूवर बंदी घातली, ती वस्तू नेमकी कशी दिसते हेच ठरलेलं नव्हतं.

जिम स्वतः तोवर टेक्सासच्या वाटेला लागला होता. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. सॅन अँटोनियोत तो कॅथलिक झाला, १८३० मध्ये मेक्सिकोचा नागरिक झाला. लुइझियानातला मळा १८३१ मध्ये ९० हजार डॉलरला विकला, त्या सौद्यात ६५ गुलामही होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने उर्सुला वेरामेंदी या १९ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. सासरे हुआन मार्तिन वेरामेंदी प्रांताचे उपराज्यपाल. लग्नाच्या करारात जिमने वय ३० लिहिलं. होता ३५ चा. संपत्तीचे आकडेही बरेचसे हवेतले होते.

मेक्सिकोत फक्त नागरिकालाच मोठी जमीन मिळायची. याने स्थानिक मेक्सिकन लोकांना अर्ज करायला लावले आणि त्यांच्याकडून जमिनी विकत घेतल्या, अशा लाखो एकर. कायदा कुठे संपतो ती जागा हेरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

१८३३ च्या सप्टेंबरमध्ये कॉलरा आला. उर्सुला आई-वडिलांबरोबर मोन्क्लोव्हाला होती. तिघेही गेले. जिम त्या वेळी शेकडो मैल दूर नॅचेझमध्ये तापाने पडला होता. त्याला बातमी उशिरा कळली. त्यानंतर त्याचं पिणं फार वाढलं, असं त्याच्याबद्दलच्या बहुतेक नोंदी सांगतात. कागदावरचा बोवी कितीही लबाड असला तरी इथे त्याची कीव येते.

१८३५ मध्ये टेक्सासचा उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये कन्सेप्सिऑनच्या लढाईत त्याने आपल्या तुकडीपेक्षा कितीतरी मोठ्या मेक्सिकन फौजेला मागे रेटलं. नेता म्हणून तो खरोखर चांगला होता, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावं लागतं. १९ जानेवारी १८३६ ला तो सॅन अँटोनियोच्या अलामो गढीत पोहोचला. गढी सोडून द्यावी की लढवावी असा प्रश्न होता, तो लढवायच्या बाजूने गेला. पुढे विल्यम ट्रॅव्हिस आला, डेव्हिड क्रॉकेट आला. ट्रॅव्हिस आणि बोवीचं पटेना, शेवटी दोघांनी मिळून हुकूम चालवायचा तोडगा निघाला.

२३ फेब्रुवारीला सांता आनाच्या फौजेने वेढा घातला. दुसऱ्याच दिवशी बोवी तापाने आडवा झाला, तो उठलाच नाही. ६ मार्चच्या पहाटे हल्ला झाला. गढीत सुमारे २०० माणसं, बाहेर कित्येक पट सैन्य. बोवी आपल्या खाटेवर मारला गेला. हातात सुरा होता, पिस्तुलं होती, दहाजणांना लोळवलं वगैरे ज्या गोष्टी आहेत, त्या सांगणारे खोलीत नव्हते. तो सुराही पुन्हा कोणाला मिळाला नाही.

माणूस मेला १८३६ मध्ये. त्याच्या नावाचे कायदे आले १८३७ पासून.

अलाबामाच घ्या. जून १८३७ च्या कायद्यात असं ठरलं की अचानक झालेल्या भांडणात जवळचा बोवी नाइफ किंवा आर्कान्सा टूथपिक वापरून कोणी मारलं, तर तो ठरवून केलेला खूनच धरायचा. वर असा चाकू विकला किंवा नुसता भेट दिला तरी १०० डॉलर कर. टूथपिक म्हणजे दात कोरायची काडी नव्हे, लांब दुधारी खंजिराला गमतीत दिलेलं ते नाव. डिसेंबरमध्ये जॉर्जियाने विक्री आणि बाळगणं दोन्ही बंद केलं. जानेवारी १८३८ मध्ये टेनेसीने विक्री आणि लपवून बाळगणं बंद केलं.

आर्कान्साची गोष्ट तर भन्नाट आहे. ४ डिसेंबर १८३७. लिटल रॉकच्या विधानसभेत लांडगे मारल्याच्या बक्षिसाच्या विधेयकावर चर्चा चालू होती. जोसेफ अँथनी या आमदाराने एका बँकेवर टोमणा मारला. बँकेचा अध्यक्ष होता जॉन विल्सन, आणि हाच विल्सन विधानसभेचा अध्यक्षही होता. विल्सन बोवी नाइफ काढून आसनावरून खाली उतरला. अँथनीकडेही चाकू होता. सभागृहातच झुंज झाली आणि अँथनी ठार झाला. विल्सनची सभागृहातून हकालपट्टी झाली, खटल्यात तो सुटला आणि काही वर्षांत पुन्हा निवडूनही आला.

कोर्टांचं एकमत नव्हतंच. टेनेसीत कपड्याखाली बोवी नाइफ लपवून फिरणाऱ्या माणसाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८४० मध्ये कायम केली. शस्त्राचा हक्क देशाच्या संरक्षणासाठी आहे, आणि हा चाकू गुंडांच्या कामाचा, असा एकूण सूर होता. जॉर्जियाच्या न्यायालयाने १८४६ मध्ये पिस्तुलाच्या प्रकरणात उलटा रस्ता धरला. लपवून बाळगण्यावर बंदी घाला, पण उघड बाळगायलाच मनाई करणं घटनेत बसत नाही. त्याच देशात, शेजारच्याच राज्यात.

टेक्सास तर स्वतःशीच भांडलं. १८५६ च्या दंडसंहितेत बोवी नाइफने केलेल्या सदोष मनुष्यवधाला खुनाची शिक्षा ठेवली. १८५९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती वैध ठरवली, पण चाकू बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे हेही मान्य केलं. गृहयुद्धानंतर वारं फिरलं. १८७० मध्ये चर्च, शाळा, नाचगाण्याचे हॉल, मतदान केंद्रं इथे शस्त्रं नेण्यावर बंदी आली आणि १८७१ मध्ये पिस्तुलाबरोबर बोवी नाइफ अंगावर बाळगणंच गुन्हा झालं. त्यातही एक मेख होती. ज्या सीमेवरच्या काउंट्यांना मूळ रहिवासी टोळ्यांच्या हल्ल्याची भीती आहे, त्या गव्हर्नरने जाहीर कराव्यात, तिथे हा कायदा नाही. राज्य एक, पण या काउंटीत गुन्हेगार, त्या काउंटीत खबरदार नागरिक.

मूळ नियम टिकला, शब्द बदलत गेले. अलीकडच्या काळात साडेपाच इंचांपेक्षा मोठं पातं बेकायदा होतं, आणि यादीत बोवी नाइफ वेगळा लिहिलेला. व्याख्या नाही. म्हणजे पातं लहान असलं तरी पोलिसाला तो बोवी वाटला तर पंचाईत. वर शहरांचे वेगळे नियम. सॅन अँटोनियोत, जिथे अलामो आहे आणि लाखो पर्यटक बोवीची खोली बघायला येतात, तिथे उघडल्यावर अडकणारा साधा घडीचा चाकूही चालायचा नाही. शहरांची ही मनमानी राज्याने २०१५ मध्ये बंद केली आणि २०१७ मध्ये बोवी नाइफ यादीतून काढला.

तरी पूर्ण मोकळीक नाही. ते विधेयक चर्चेत असतानाच, १ मे २०१७ ला ऑस्टिनच्या विद्यापीठात एकाने मोठ्या शिकारी चाकूने हल्ला केला, एक विद्यार्थी मेला. मग जागांची यादी आली. साडेपाच इंचांवरचं पातं शाळा-कॉलेज, मतदान केंद्र, न्यायालय, दवाखाना, प्रार्थनास्थळ आणि बारमध्ये नेता येत नाही, १८ वर्षांखालच्यांना तर बहुतेक ठिकाणी नाहीच. ही यादी १८७० च्या यादीशी ताडून पाहिली तर दीडशे वर्षांत डोकी फारशी बदललेली दिसत नाहीत. बोवीचा मुक्काम ज्या प्रकारच्या जागी जास्त असायचा, ती बारही यादीत आली.

टेक्सासबाहेर पडलं की इंच पुन्हा बदलतात. न्यूयॉर्क शहरात ४ इंच. शिकागोत लपवून नेलेल्या चाकूला अडीच इंच. कॅलिफोर्नियात म्यानातला सुरा उघड दिसला पाहिजे, लपवला तर गुन्हा, पण त्याच राज्यातल्या लॉस एंजेलिस शहरात ३ इंच किंवा मोठा चाकू उघड मिरवणं हाच गुन्हा. ज्या शेफिल्डने जगाला बोवी नाइफ विकले, तिथे आज खिशात फक्त ३ इंचांपर्यंतचा, घडी होणारा आणि न अडकणारा चाकू चालतो. त्याहून मोठ्याला सबळ कारण द्यावं लागतं. शीख कृपाणाला तिथे धार्मिक कारणाची सवलत आहे.

आणि आपल्याकडे? शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र ठरतं. रेझिनचा सुरा सव्वानऊ इंच, म्हणजे पाव इंचाने अडकला असता. पण घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची हत्यारं यातून वगळली आहेत, म्हणून ऊसतोड कामगाराचा कोयता कायद्याने अवजार असतो आणि तोच पुण्याच्या चौकात नाचवला की आर्म्स ॲक्ट ४/२५ लागतो. त्याच्या जोडीला बातमीत महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१)(३) सह १३५ असं वाचायला मिळतं. कलम ३७ म्हणजे पोलिसांचा ठरावीक भागापुरता, ठरावीक दिवसांपुरता मनाई आदेश. आदेश असेल तिथे ९ इंच बघायचीही गरज नाही. धारदार हत्यारांना परवाना लागायचा तर केंद्राने त्या भागासाठी अधिसूचना काढलेली असावी लागते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाच्या चाकूची मर्यादा ७.६२ सेंटीमीटर, म्हणजे फक्त ३ इंच. देशांतर्गत विमानात मात्र शीख प्रवाशाला ६ इंच पात्यापर्यंतचं कृपाण नेता येतं.

टेक्सासच्या ईशान्य टोकाला बोवी काउंटी आहे, १८४० साली जिमच्याच नावाने केलेली. तिथलं सगळ्यात मोठं शहर टेक्सारकाना अर्धं टेक्सासमध्ये आणि अर्धं आर्कान्सामध्ये आहे. मधून स्टेट लाइन ॲव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. पश्चिमेकडच्या फुटपाथवर पोलीस पातं साडेपाच इंचांवर आहे का आणि तुम्ही कुठल्या इमारतीत शिरताय ते बघेल. रस्ता ओलांडला की आर्कान्सा. तिथे नुसता चाकू जवळ असणं गुन्हा नाही, तो कोणावर बेकायदा वापरायचा इरादा होता हे सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागतं.